सीबीटीचा गृहपाठ: दोन सेशनच्या मधल्या दिवसांत काय करायचं, कोणत्या क्रमाने

सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं तपासून, बदलून मनाच्या त्रासावर केलेला उपचार), घेणाऱ्यांच्या वह्या साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली कोरी. दुसरीत पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, बहुधा येताना एसटीत भरलेल्या. तिसरी समास आखून सुवाच्य अक्षरात लिहिलेली, पण आत सगळं ‘मी सकारात्मक राहीन’ छापाचं. यातली कोरी वही त्यातल्या त्यात बरी. ती निदान खोटं बोलत नाही.

सेशन तासाभराचं, आणि आठवड्याचे तास १६८. इकडे राजापूर किंवा गुहागरहून रत्नागिरी गाठायची म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे दोन सेशनमध्ये पंधरवडा सहज जातो. तेवढ्या दिवसांत जे बदलायचं ते गृहपाठातूनच बदलतं. गृहपाठ नियमित करणाऱ्यांना उपचाराचा फायदा जास्त होतो, हे संशोधनातही वारंवार दिसलं आहे. इथे मार्क नसतात. एखादी गोष्ट करून बघायची, काय झालं ते टिपायचं आणि ती नोंद घेऊन परत यायचं, एवढंच काम. ते नेमकं कुठे बिघडतं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

सुरू करण्यापूर्वी

हा लेख ज्यांचे उपचार मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे चालू आहेत त्यांच्यासाठी आहे. वाचून स्वतःच स्वतःवर प्रयोग करण्यासाठी नाही.

इशारा: जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला ताबडतोब सांगा, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा (मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं) किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठा. थेरपिस्टला सांगायला पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

इशारा: गृहपाठ जमायला लागला म्हणून चालू गोळ्या मनानेच कमी किंवा बंद करायच्या नाहीत. तो निर्णय डॉक्टरांचा.

१. गृहपाठ खुर्चीतून उठण्याआधी पक्का करा

सर्वांत मोठी चूक इथेच होते. सेशनची शेवटची दोन मिनिटं उरलेली असतात, बाहेर गाडीची वेळ झालेली असते, थेरपिस्ट म्हणते, “विचारांच्या नोंदी ठेवा हं,” आणि आपण “हो मॅडम” म्हणून उठतो. घरी आल्यावर कळतं, नक्की काय लिहायचं तेच ठाऊक नाही.

‘रोज फिरायला जा’ हा गृहपाठ झाला नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेपाचला वाडीतून सड्यावरच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, निघण्याआधी आणि आल्यावर मूडला शंभरपैकी आकडा द्यायचा’ हा झाला. काय, कधी, कुठे, किती वेळ आणि कशासाठी, या पाचही गोष्टी सेशनमध्येच कागदावर उतरल्या पाहिजेत. शेवटची सर्वांत जास्त वेळा सुटते. हे करून आपण कोणती गोष्ट तपासतोय, ते माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येणारच.

नोंदीची पहिली ओळ थेरपिस्टसमोरच भरा. याच आठवड्यातला खरा प्रसंग घ्या. अडचण कुठे येते ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

तपासा: ‘हे माझ्याकडून होईल याची खात्री दहापैकी किती?’ असं स्वतःला विचारा. सातच्या खाली आकडा आला तर तिथल्या तिथे सांगा आणि काम लहान करून घ्या. तीन दिवसांऐवजी एक दिवस चालेल. आपल्याकडे डॉक्टरांना ‘नाही जमणार’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. सीबीटीत ती माहिती लागते.

२. वही, जागा, वेळ

घर भरलेलं असतं. माजघरात कुणीतरी, पडवीत कुणीतरी, आणि वही दिसली की ‘काय लिवतंस?’ हा प्रश्न ठरलेला. कुणी वाचेल या भीतीनेच लोक एक तर लिहीत नाहीत किंवा लिहिताना सासूचं नाव गाळतात, आणि नेमका तोच प्रसंग महत्त्वाचा असतो.

उपाय साधे आहेत. खिशात मावणारी छोटी वही घ्या आणि माणसांसाठी अक्षरं ठरवा. फोनवर लिहायचं तर लॉक असलेल्या नोट्समध्ये लिहा. फोन घरात चारजण वापरत असतील तर कागदच बरा. पावसाळ्यात दोन दोन दिवस लाईट नसते, फोन बंद पडतो, तेव्हाही कागदच कामाला येतो.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या कामाला बांधा: दिवेलागणीनंतर, गुरांना पाणी दाखवून झाल्यावर, मासे साफ करून हात धुतल्यावर. ‘सवड मिळाली की’ अशी वेळ कुठल्याच घरात येत नाही.

घरातल्या एकाच माणसाला विश्वासात घ्या आणि त्याला एवढंच सांगा की पंधरा मिनिटं मला हाक मारू नका. ‘हे बाहेरचं आहे, आधी देवाला कौल लावू’ असा सूर घरात असेल तर त्यावर वाद घालत बसू नका. घरच्यांना गाऱ्हाणं घालायचं तर घालू दे, तुमची नोंद आणि तुमच्या गोळ्या चालू ठेवा. हा वाद जिंकणं तुमच्या गृहपाठात नाही.

३. पहिले पंधरा दिवस फक्त नोंद

विचारांच्या नोंदीचा पूर्ण तक्ता सात रकान्यांचा असतो. पहिल्या दिवसापासून सातही भरायला गेलात तर सोडून द्याल. सुरुवातीला तीनच घ्या: प्रसंग, भावना, विचार.

प्रसंग म्हणजे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. ‘भावाने माझा अपमान केला’ हा प्रसंग नव्हे, त्यात निकाल आधीच लागलेला आहे. ‘मंगळवारी रात्री आठला मुंबईला भावाला फोन केला, त्याने उचलला नाही’ हा प्रसंग.

भावना बहुतेक वेळा एका शब्दात मावते: भीती, लाज, राग, दुःख, अपराधीपणा. तिच्यापुढे ० ते १०० मधला आकडा लिहा. पूर्ण वाक्य लिहावं लागलं तर तो बहुधा विचार असतो, त्याला तिसऱ्या रकान्यात पाठवा. ‘त्याला आता आमची गरज नाही’ ही भावना नाही, विचार आहे. त्यामागची भावना दुःख, ७०.

आता विचार. इथे लोक प्रश्न लिहून मोकळे होतात: ‘आता काय होणार?’, ‘माझ्याच वाट्याला का?’ प्रश्न तपासता येत नाही. त्याला विधान करा. ‘आता काय होणार?’च्या पोटात खरं वाक्य काय आहे? ‘यंदा बागेचं कर्ज फिटणार नाही आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.’ हे तपासता येतं. त्यातही दोन विचार आहेत, म्हणून दोन ओळींत लिहा.

नोंद कधी करायची? मूड बदलला की लगेच, जमेल तितक्या लवकर. रात्री आठवून लिहिलं तर दिवसभराची सरमिसळ होते आणि सगळ्या नोंदी एकाच रंगाच्या दिसतात. बागेत फवारणीच्या पंपावर असाल, हात मोकळे नसतील, तर दोन शब्द व्हॉइस मेसेजमध्ये स्वतःलाच बोलून ठेवा आणि संध्याकाळी उतरवा. रोज एक नोंद पुष्कळ झाली. दहा नोंदी करून तिसऱ्या दिवशी थकण्यापेक्षा एक बरी.

तपासा: पहिल्या तीन नोंदी झाल्यावर वाचून बघा. प्रसंगाच्या रकान्यात ‘नेहमी’, ‘मुद्दाम’, ‘सगळे’ असे शब्द दिसतायत? मग विचार तिकडे घुसलाय.

४. पुरावा तपासणं, आणि इथली मोठी गल्लत

थेरपिस्टने सांगितल्यावरच पुढचे रकाने घ्या: विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, सगळं बघून बनलेला विचार आणि भावनेचा नवा आकडा.

उदाहरणासाठी हापूसचा एक बागायतदार घेऊ. जानेवारीत मोहोर चांगला आला, मग अवकाळी पाऊस पडला, करपा आला, तुडतुडे वाढले, फळधारणा निम्म्यावर आली. त्याचा विचार: ‘मी घर चालवायला नालायक आहे.’ लाज ८५.

बाजूचा पुरावा म्हणून त्याने लिहिलं: ‘गावात सगळे हसतात.’ हा पुरावा नाही. कोण हसलं, कधी, काय म्हणालं? विचारल्यावर निघालं की एका शेजाऱ्याने ‘यंदा काय खरं नाय तुझं’ म्हटलं होतं. तेवढंच लिहायचं. कर्जाचा हप्ता थकलाय, तेही लिहायचं. तो खरा पुरावा आहे आणि तो लपवायचा नाही.

विरुद्ध बाजू: फवारण्या वेळापत्रकाप्रमाणे केल्या होत्या, त्याच्या पावत्या आहेत. शेजारच्या तीन बागांतही तेच झालं. गेल्या वर्षी मुलीची फी याच बागेतून भरली. पाऊस थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

आता नवा विचार. ‘सगळं छान होईल’ असं इथे लिहायचं नाही. त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसणार नाही आणि आकडा हलणार नाही. त्याने लिहिलं: ‘यंदा नुकसान झालंय आणि हप्त्याची व्यवस्था करावी लागेल. पण हे नुकसान पावसाचं आहे, माझ्या लायकीचं नाही.’ लाज ५५.

८५ वरून ५५ म्हणजे गृहपाठ उत्तम झाला. दर वेळी शून्य लिहिणाऱ्याची वही मला खरी वाटत नाही.

या उदाहरणातली दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ‘मी नालायक’ हा विचार तपासण्याचा होता, पण थकलेला हप्ता ही खरी अडचण आहे, आणि खऱ्या अडचणीवर विचारांचा तक्ता चालत नाही. तिथे गृहपाठ वेगळा: बँकेत कुणाला कधी भेटायचं, कोणते कागद न्यायचे, पीकविम्याचं काय करायचं, याची पावलं लिहायची आणि त्यातलं एक पाऊल या आठवड्यात टाकायचं. खऱ्या अडचणीला ‘चुकीचा विचार’ ठरवून स्वतःशी भांडत बसू नका. कोणती नोंद कुठल्या गटातली, हे कळत नसेल तर थेरपिस्टला विचारा.

५. हालचालीचा गृहपाठ

नैराश्यात बऱ्याचदा हा विचारांच्या नोंदींच्याही आधी दिला जातो, आणि तेच बरोबर आहे. अंगात उठायचं त्राण नसलेल्या माणसाला सात रकाने देऊन काय उपयोग?

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. तासातासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं, आणि त्यातून आनंद किती, काहीतरी केल्याचं समाधान किती, हे दोन आकडे दहापैकी द्यायचे. ‘पडून होतो’ हेही लिहायचं. दोन वेगळे आकडे यासाठी, की अंगण झाडून आनंद १ मिळाला तरी समाधान ५ असू शकतं, आणि तो पाच एरवी दिसतच नाही.

दुसऱ्या आठवड्यात वहीत बघून, ज्याला जास्त आकडे मिळाले त्यातली दोन-तीन कामं वार-वेळ घालून ठरवायची. कामं आपल्या आयुष्यातलीच हवीत: संध्याकाळी जेटीवर लिलाव बघायला जाणं, पेज करून गरम गरम खाणं, कुंपणाची एक बाजू बांधणं, बहिणीला फोन. छंदवर्गाची गरज नाही.

मूड आला की करू, ही इथली हमखास चूक. कृती आधी, मूड मागून, तोही कधी तीन-चार दिवसांनी.

दर्यावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. रोजचा दिनक्रम एका दिवसात संपतो, हातात पैसा कमी, बाहेर पाऊस. मे महिन्यातच थेरपिस्टबरोबर बसून जुलैपर्यंतचा तक्ता करा. जाळी शिवणं, होडीची डागडुजी, लावणीला भावकीच्या शेतात जाणं, आणि पाऊस कोसळत असेल त्या दिवशी घरातल्या घरात काय, असा पर्याय प्रत्येक कामापुढे लिहा.

६. भीतीची शिडी

ज्याची भीती वाटते ते सोप्या पायरीपासून अवघड पायरीपर्यंत क्रमाने करून बघायचं, ही शिडी. सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते.

इशारा: छातीत धडधड, धाप, चक्कर यासाठी आधी डॉक्टरांकडून तपासणी झालेली हवी. हृदय, थायरॉईड, दमा, रक्तक्षय यांचा प्रश्न मिटल्यावरच शिडी. एखाद्या आघाताच्या आठवणी किंवा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असेल तर शिडी स्वतः बनवू नका, ती थेरपिस्टबरोबरच बनते.

समजा लांज्याजवळच्या एका बाईंना एसटीत पॅनिकचा झटका येतो. वर्षभर त्यांनी एसटीच सोडली आहे. शिडी अशी बनू शकते, पुढे भीतीचा अंदाज शंभरपैकी:

लांजा स्टँडवर वीस मिनिटं बाकावर बसणं: २५
सोबत कुणी असताना एक थांबा जाणं, दाराजवळची सीट: ४०
तेच एकटीने: ५०
एकटीने पालीपर्यंत, मधली सीट: ६०
एकटीने हातखंब्यावरून रत्नागिरीपर्यंत, बाजाराच्या गर्दीत: ७५
रत्नागिरी ते कोल्हापूर, आंबा घाटातून, खिडकीची सीट नसताना: ९५

पहिली पायरी शून्याजवळची नको, नव्वदचीही नको. पंचवीस ते चाळीसच्या आसपास सुरू केलं की बहुतेकांना जमतं. एकेक पायरी पुन्हा पुन्हा करायची, भीतीचा आकडा निम्म्यावर आला किंवा ‘आता कंटाळा येतोय’ असं वाटलं की वरची घ्यायची.

निघण्याआधी एक वाक्य लिहा: मला काय होईल असं वाटतंय? ‘पालीच्या आधी मी बेशुद्ध पडेन.’ परत आल्यावर लिहा: प्रत्यक्षात काय झालं? ‘हात थरथरले, घाम आला, पालीला उतरले, चहा घेतला.’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी नसतील तर नुसता प्रवास झाला, गृहपाठ झाला नाही. भीती ओसरण्याइतकंच, जे घडेल असं वाटत होतं ते घडलं नाही, हे स्वतःच्या अक्षरात समोर येणंही गरजेचं आहे.

भीती टोकाला असताना उतरू नका. पॅनिक काही मिनिटांत टोक गाठतं आणि मग उतरायला लागतं. बरोबर टोकाला असताना मधेच उतरलात तर डोकं एवढंच शिकतं की उतरले म्हणून वाचले.

आता आधारांबद्दल. हातात पाण्याची बाटली, पर्समध्ये गोळी, कानाला फोन, शेजारी आई, पदराच्या टोकाला अंगारा. श्रद्धेपोटी अंगारा बाळगला तर कुणाची हरकत नाही. पण ‘तो घरी राहिला तर मी जाऊच शकत नाही’ अशी स्थिती असेल, तर तो आधार झाला आणि त्याच्याशिवाय जाणं ही वरची एक पायरी झाली. एकदम सगळे आधार काढू नका, एकेक काढा. झटक्यासाठी दिलेली झोपेच्या गटातली गोळी प्रवासाआधी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना नेमकं विचारून ठेवा. ती घेऊन केलेल्या प्रवासातून शिकणं कमी होतं, पण अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

घरच्यांसाठी एक ओळ: ‘काही होणार नाही’ असं दर पाच मिनिटांनी फोनवर सांगू नका. प्रेमाने दिलेला तो धीर भीती टिकवून ठेवतो.

इशारा: खऱ्या धोक्याची पायरी बनवायची नाही. पाण्याची भीती आहे म्हणून पावसाळ्यात समुद्रात उतरणं, दरडी कोसळत असताना घाटातला प्रवास, हा गृहपाठ नव्हे. रेड अलर्टच्या दिवशी शिडी बंद.

चारचौघांत बोलण्याची भीती असणाऱ्यांसाठीही हीच पद्धत. दुकानात भाव विचारून काही न घेता परत येणं इथपासून ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारण्यापर्यंत पायऱ्या लावता येतात.

७. गृहपाठ झाला नाही तर

सेशन रद्द करू नका. ‘वह्या कोऱ्या म्हणून तोंड दाखवायला लाज वाटली’ असं म्हणून महिना महिना न येणारे खूप असतात. कोरी वही घेऊन या, फक्त तिच्यात एक ओळ लिहा: करायला बसलो तेव्हा मनात काय आलं?

“मॅडम, वेळच गावला नाय.”

“बसलात कधी लिहायला?”

“बसलो ना. मग वाटलं, लिवून काय व्हणार?”

हे दुसरं वाक्य म्हणजे थेट तिसऱ्या रकान्यातला विचार. पुढचा अर्धा तास त्यावर चांगला जातो.

कधी कारण साधंच असतं: काम मोठं होतं, सूचना कळली नव्हती, लिहिता येत नाही. लिहिणं जड जात असेल तर तसं सांगा. आकडे, खुणा, रेकॉर्डिंग यावरही काम चालतं. गणपतीत घरात चाकरमानी आलेले असताना किंवा शिमग्यात पालखी घरी येणार असताना मोठा गृहपाठ घेऊच नका. त्या आठवड्यासाठी रोज मूडचा एक आकडा, बस. सणासाठी सुट्टी घेतली की परत सुरू करणं जड जातं, म्हणून पूर्ण खंड नको.

८. पुढच्या सेशनला नेताना

आदल्या दिवशी वही चाळून अर्ध्या पानावर तीन गोष्टी काढा: काय केलं, काय नवीन कळलं, कुठे अडलं. सेशनच्या सुरुवातीलाच वही टेबलावर ठेवा. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गृहपाठ बघण्यासाठी असतात. थेरपिस्ट विसरली तर आठवण करून द्या. दोन-तीन सेशन कुणी वही बघितलीच नाही, तर गृहपाठ आपोआप सुटतो, आणि तो दोष तुमचा नाही.

सेशन फोनवर किंवा व्हिडिओवर असेल आणि वाडीत रेंज धरत नसेल, तर पानाचा फोटो आधीच पाठवून ठेवा. पाठवण्याआधी पानावरची नावं झाका, आणि नंतर तो फोटो गॅलरीतून, व्हॉट्सॲपमधून आणि फोनच्या डिलीट केलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही काढा. घरातलं पोर गेम खेळायला तोच फोन उचलतं.